शून्य तक्रारींची पेटी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांच्यावरचा राग बदलीबरोबर मागे राहिला. हा राग काही गेला नाही, कारण त्यातला अर्धा माझ्यावरच आहे.

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळून एक-दोन वर्षं झाली होती. डिचोली भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. हद्दीत एका ख्रिस्ती संस्थेचा वृद्धाश्रम होता. दरवर्षी पणजीहून संस्थेची समिती यायची आणि छापील फॉर्मवर गुण द्यायची: स्वच्छता, शिस्त, कारभार, रहिवाशांचं समाधान. संस्थेच्या सगळ्या आश्रमांत हा कायम पहिला. त्याच्या वार्षिक कार्यक्रमाला मीही पाहुणा म्हणून गेलो, हार घालून घेतला आणि अभिप्रायवहीत झोकात लिहिलं, 'अत्यंत शांत आणि शिस्तबद्ध संस्था.'

महिनाभराने, सकाळची हजेरी चालू असताना, सायकलवरून पाव विकणारा पोदेर टोपलीसकट माझ्या टेबलापाशी आला. हा माणूस कधी ठाण्याची पायरी चढला नव्हता.

"सायब, आश्रमातली म्हातारी रोज माझ्याकडून उंडो पाव घेता. 'एक दीस हांव भायर आयलें ना जाल्यार पुलिसांक सांग' म्हणाली होती. हांव मस्करी समजलों. तीन दीस जाले, ती येयना."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

आश्रमात म्हातारी खाटेवर पडली होती. हाक मारली तर पापणी हलेना. "वय झालं, साहेब," व्यवस्थापक म्हणाला. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. तिला सरकारी इस्पितळात पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेच्या औषधाचा भारी डोस पोटात गेलाय, वाचेल की नाही सांगता येत नाही.

मी आश्रमात परतलो. "गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच देतो. तिने चुकून जास्त घेतल्या असतील," व्यवस्थापक शांतपणे म्हणाला आणि त्याने समितीचे फॉर्म माझ्यापुढे पसरले. 'तक्रारपेटी आहे का? होय. तक्रारी? शून्य.' त्याला पैकीच्या पैकी गुण!

बाकीच्यांना एकेक करून विचारलं. प्रत्येकाचं एकच उत्तर, "सगळें बरें." इथेच माझं पित्त खवळलं. अहो, दहा म्हाताऱ्यांना जेवण कसं आहे विचारा, अकरा तक्रारी येतात! आणि इथे सगळ्यांचं बरं?

स्वयंपाकघरात बेळगावकडची एक बाई भाकऱ्या थापत होती. बराच वेळ ती मान वर करेना. व्यवस्थापक लांब गेल्यावर पुटपुटली, "साहेब, ती पेटी बघा की. कुणाला लिवाय येत न्हाई, पर रोज काय तरी टाकत्यात."

व्हरांड्यातल्या पेटीचं कुलूप गंजून गेलेलं. "किल्ली कधीच हरवली. गरज पडली नाही ना," व्यवस्थापक म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चिरकला. दोन पंचांसमोर मी कुलूप तोडलं.

आत एकही कागद लिहिलेला नव्हता. ओंजळभर पांढऱ्या गोळ्या होत्या. काही चिंधीत बांधलेल्या, काही थुंकीने एकमेकींना चिकटलेल्या. तशाच गोळ्या व्यवस्थापकाच्या कपाटात सापडल्या. पंचनामा केला, रासायनिक तपासणीला पाठवल्या आणि त्याला ठाण्यात आणून बसवलं.

संध्याकाळपर्यंत तो टिकला. मग उलट मलाच म्हणाला, "म्हातारी माणसं रडतात, ओरडतात, साहेब. समिती येते, पाहुणे येतात. शांत नको का दिसायला? तुम्हीच नाही का लिहून गेलात?"

मी हात उचलला नाही, एवढंच. मग त्यानेच सगळं कबूल केलं. गोळी तोंडात धरायची आणि पेटीत टाकायची, ही युक्ती त्या म्हातारीने सगळ्यांना शिकवली होती. ते कळल्यावर या नालायकाने तिच्या पेजेत गोळ्या विरघळवायला सुरुवात केली.

संस्थेचे वयस्कर फादर ठाण्यात आले. "आम्ही वर्षातून एकदा यायचो, फॉर्म भरायचो, जेवून जायचो," म्हणाले आणि खाली मान घालून बसले. निदान ते आले तरी. समितीतलं दुसरं कोणी फिरकलं नाही. पुढे व्यवस्थापकाला शिक्षा झाली. गुण देणाऱ्यांना कोण शिक्षा देणार?

आठवड्याने म्हातारी शुद्धीवर आली. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. तिने मला निरखून पाहिलं.

"तूंच मरे तो? त्या दिसा हार घालून खुर्चेर बशिल्लो? तो वांगडा उबो आशिल्लो, म्हणून उलयलें ना. तुज्या हातांत गुळी दिली. तुवें ती कितें केली?"

त्या दिवशी निरोप घेताना एका म्हातारीने हसत माझ्या हातात काहीतरी पांढरं ठेवलं होतं. शेजारी व्यवस्थापक उभा होता, म्हणून ती बोलली नव्हती. मी पेपरमिंट समजलो, तिचा हात थोपटला आणि फाटकाबाहेर पडल्यावर ती गोळी जीपमधून फेकून दिली.

"टाकली, माय," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातल्या कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आतां तरी बरय." "लिहितो," म्हणत मी जबाब लिहायला घेतला.

त्यानंतर कुठल्याही संस्थेच्या अभिप्रायवहीत मी अक्षर लिहिलेलं नाही. पेटी दिसली की कुलूप ओढून पाहतो. आणि कोणी म्हाताऱ्या माणसाने हातात काही ठेवलं, तर तिथेच मूठ उघडून बघतो.