वाशीमला गफूरभाईंच्या टेबलावर आबा जेवले

मास्तरकीचा पहिला पगार हातात पडला आणि मी ठरवूनच टाकलं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाशीमला गफूरभाईंकडे जेवू घालायचं! सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही जऊळक्याचे बौद्ध. आबा साठीला आले होते, पण हॉटेलात टेबलावर बसून एकदाही जेवले नव्हते.

"कायले जातं? लोकं हासतीन," आबा म्हणाले.

"हासू द्या," म्हटलं.

सकाळची पॅसेंजर नेहमीसारखी उशिरा आली. वाशीमला उतरून पायीच निघालो. गावाबाहेर, वस्ती संपते तिथं गफूरभाईंचं हॉटेल. टेबलं पाचच, पण प्रत्येकावर पांढरंशुभ्र कापड. गफूरभाई आधी इंग्रज साहेबांच्या बंगल्यावर खानसामा होते. वाढायची पद्धत तिथलीच. आधी शोरबा, तो संपला की मटण आणि गरम भाकरी, शेवटी शाही टुकडा. माणशी तीन रुपये. महाग वाटेल, पण एकदा जेवून पाहा आणि मग बोला.

आबा सावकाश, चवीनं जेवले. जेवण झालं आणि सवयीनं स्वतःचं ताट उचलून नळ शोधायला निघाले. जन्मभर हॉटेलात आम्हाला आपलं भांडं आपणच धुवावं लागलेलं.

दारात जागेची वाट पाहत एक कापसाचे व्यापारी उभे होते. त्यांनी आमची जात बरोबर ओळखली.

"गफूर, याईले बाहेर ओसरीत बसवत जा. मंग आमी बसतो."

गफूरभाईंनी आबांच्या हातातलं ताट काढून घेतलं. "बसा बाबा. इथं पाहुना ताट उचलत नाई." मग दाराकडे वळून म्हणाले, "शेठ, जमत असन तं थांबा. नाई तं सडक मोकळी हाय."

माझ्या मुठी वळलेल्या. गिऱ्हाइकं उठली तर या माणसाचं हॉटेल बुडणार, आणि तेही आमच्यापायी.

केनवडचे एक पाटील बायकोमुलांसह बसले होते. त्यांनी वाटी पुढे केली. "गफूरभाई, आमाले अजून शोरबा. असा शोरबा सोडून कोन उठते? अन् शेठ, दारातून सरका, वारा अडवून राह्यले तुमी."

"आमालेबी वाढा!" पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. शेठ पाय आपटत निघून गेले.

आबा पुन्हा नीट बसले. "आनखी एक भाकर भेटन का?"

संध्याकाळी जऊळक्याला उतरलो. स्टेशनाबाहेरच्या टपरीत आमच्यासाठी वेगळा कप खिळ्याला टांगलेला असायचा. आबांनी चहा प्यायला आणि कप सरळ टपरीवाल्यापुढे ठेवला.

"धुवून ठेव ना बे!"

"तूच धू," आबा म्हणाले आणि चालू लागले. काय सांगू, छाती फुलून आली माझी!

दुसऱ्या दिवसापासून त्यानं आम्हाला चहा बंद केला. मी चिडलो. आबा शांतपणे म्हणाले, "त्याचा चहा कोनाले पायजे? वाशीमले गाडी जाते ना."

पुढे हातपाय चालत होते तोवर, माझा पगार झाला की आबा इस्त्रीचं धोतर नेसून एकटेच जेवायला जायचे.