टकटक मास्तर

टायरच्या दुकानावरच्या खोलीत तो इंग्रजी व्याकरणाचे वर्ग घ्यायचा आणि शिकणारे पाठीमागे त्याला टकटक मास्तर म्हणायचे. कुणी क्रियापदाचा काळ चुकवला की मास्तरचं वाकवलेलं बोट टेबलावर वाजे, टक. बोलणाऱ्याने तिथेच थांबायचं आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. 'सिन्स' की 'फॉर', 'सक्सेस' की 'सक्सीड', तेच ते प्रश्न ऐकून त्याचं डोकं कायम तापलेलं असे. एकदा विचारलं तर सांगायचा, दुसऱ्यांदा विचारलं तर खेकसायचा.

बरं, वर्ग सुटल्यावर तरी गप्प बसावं. पण नाही. मुलगी शाळेतली गंमत सांगायला बसे आणि मध्येच टक. शेवटी तिने सांगणंच सोडलं. बायको म्हणायची, "अहो, तिला आधी बोलू तर द्या." ती बायको मागच्या वर्षी इस्पितळातच वारली.

त्याच इस्पितळाच्या चौकशी खिडकीवर एक जागा निघाली. मुलीला ती मनापासून हवी होती. मुलाखत लॅपटॉपवर, इंग्रजीत. आतल्या खोलीचं दार लावताना ती म्हणाली, "बाबा, आज तोंडातून शब्द काढू नका. हात जोडते."

गड्याने शब्द पाळला. तोंडातून अवाक्षर काढलं नाही, नुसता दाराला कान लावून उभा राहिला. ही नोकरी का हवी, असं आतून एका बाईने विचारलं. मुलगी आधी अडखळली, मग भराभर बोलू लागली. एक चूक झाली, त्याने दात आवळले. दुसरी झाली, त्याच्या कपाळाची शीर उडू लागली. तिसरीला बोट आपसूक दारावर वाजलं. टक.

आतला आवाज तिथेच तुटला. तिने वाक्य पहिल्यापासून सुरू केलं, त्याच जागी पुन्हा चुकली, आणि त्या मेल्या बोटाला पुन्हा राहवलं नाही. मग ती बोललीच नाही. समोरच्या बाईने थोडा वेळ वाट पाहिली, आभार मानले आणि मुलाखत संपवली.

दार उघडलं. मुलगी रडत नव्हती, संतापली होती. तरी आधी बोलला तोच.

"डिडच्या पुढे केम येत नाही. किती वेळा सांगितलंय तुला?"

"मी काय सांगत होते?"

"चुकीचं सांगत होतीस."

"काय सांगत होते, बाबा? कान लावून उभे होतात ना? सांगा."

त्याने आठवून पाहिलं. डिड आठवलं, केम आठवलं. बाकीचं कानात शिरलंच नव्हतं.

"आई घरी आली नाही, हे सांगत होते," ती घरच्या भाषेत म्हणाली. "त्या दिवशी खिडकीवर आपल्याला कुणी धड काही सांगितलं नाही. म्हणून मला तिथे बसायचं होतं."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने बोट वाकवून दारावर वाजवलं. टक.

तो तिथेच थांबला.