जत्रेतला माझा वाटा

मंडळी, आज बारामतीला गाडीचं टायर बदलायला निघालो आणि भलतीकडंच वळून सांगवीला घरी पोचलो. गेली जत्रा चुकवल्यापासून फिरकलोच नव्हतो.

दारातच वडील म्हणाले, "या पाव्हणं! गाव कंचं तुमचं?"

आई सरळ स्वयंपाकघरात गेली. तिनं बरणी काढली. जत्रेतलं माझ्या वाट्याचं मटण तिनं मीठ-हळद लावून, वाळवून ठेवलं होतं. लहानपणी असं मटण दोरीवर वाळायचं तेव्हा मी काठी घेऊन कावळे हाकायचो. कुकरच्या चार शिट्ट्यांत घरभर तोच वास!

रस्सा वाढताना आई म्हणाली, "अवंदा वाळवाय लावू नगंस. ताजं खायला ये."

व्हय म्हणालोय. पण तिनं बरणी धुऊन उन्हात ठेवलीच.

तुमचा वाटा कोण राखतंय?