दोघांचं पाणी आणि आम्ही चौघं

एप्रिलात बीड जिल्ह्यात फिरायला जातेय म्हटल्यावर आई म्हणाली, "तिथे बघायचं काय, ऊन?" मला मोर बघायचे होते. पाटोद्याच्या पलीकडे एका गावात बायकांच्या सहकारी संस्थेने पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात, हे कळल्याबरोबर मी नवऱ्याचं आणि माझं बुकिंग केलं. आयत्या वेळी त्याचा मित्र आणि मित्राची बायको सुरेखाही गाडीत बसले. तेवढीच संस्थेला मदत, म्हणून मी स्वतःवरच खूश.

पुण्याहून नगर, जामखेडमार्गे पाच-सहा तास. रस्ता बरा आहे. वाटेतला सौताड्याचा धबधबा मात्र या दिवसांत नुसता कोरडा कडा.

दारात संस्थेच्या कमलताईंनी आमची डोकी मोजली. "दोघांचंच पाणी हाय, ताई."

"आम्ही डबल पैसे देऊ ना!"

"टँकर चार दिसाला येतो. पैसे पिताल का?" त्या हसल्या, पण हलल्या नाहीत. शेवटी दोन्ही पुरुष पाटोद्याच्या लॉजवर रवाना झाले आणि आम्ही दोघी राहिलो.

अंघोळ बाजेवर बसून, एका बादलीत. साबण मना, कारण बाजेखालच्या घमेल्यातलं पाणी लिंबाच्या रोपांना जातं. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची झणझणीत आमटी. मी तीन भाकरी खाल्ल्या.

"दोन पाहुणे परत पाठवले, वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"लई वाटलं. पर मागल्या साली असेच जास्तीचे घेतले, अन् मोरांसाठी कुंडी भरून ठेवतो, तिच्यातलं पाणी त्यांना दिलं. मोर फिरकंनात. मोर न्हाईत तर पाव्हणे कशाला येतील? मंग आमी परत कोयता घेऊन ऊसतोडीला."

मला माझ्या मदतीची लाज वाटली.

पहाटे कुंडीवर सात मोर आले. आम्ही झुडपामागे श्वास रोखून बसलो होतो. आमचे पुरुष नऊ वाजता साबणाने घमघमत उगवले, तेव्हा एक पीससुद्धा उरलं नव्हतं. सुरेखा अजून त्यांना चिडवते.

जाणार असाल तर माणसं नेमकी कळवा. माणशी आठशे रुपये, दोन्ही वेळचं जेवण धरून.

घरी आल्यावर आठवडाभर मी एका बादलीत भागवलं, मग पुन्हा शॉवर. खोटं कशाला सांगू? पण दसऱ्यानंतर, ऊसतोडीला माणसं निघायच्या दिवसांत, भीत भीत कमलताईंना फोन लावला. मागे ट्रकचा आवाज, माणसांचा गलका.

"गल्लीतले लोक कारखान्याला निघालेत, ताई. त्यांना निरोप द्यायला आलीय."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला जाऊ? शनिवारी पाव्हणे हायेत."