पंपाची उदबत्ती

गेल्या हिवाळ्यात तुम्ही नातवंडं सुट्टीला यायच्या आदल्या दिवशी आमच्या इमारतीचा पंप नुसताच घरघरत होता. खाली हौद भरलेला, पण गच्चीवरची टाकी कोरडी. उद्या तुम्हाला आंघोळीला पाणी कुठून द्यायचे?

वाळूजच्या कारखान्यात पंप सांभाळणारा, शेजाऱ्यांच्या ओळखीचा एक जण शिफ्ट संपवून आला. नाव विचारायचे राहूनच गेले. पंपावर पेचकसाचे टोक टेकवून त्याने पेचकसाची मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, "आजी, एक उदबत्ती आणा."

"म्हणजे आता देवावरच हवाला?"

"नाय ओ. ह्यो पाण्यासंगं हवा पितोय. कुठनं, ते धूर सांगंल."

हौदातून येणाऱ्या पाइपाजवळून त्याने उदबत्ती सावकाश फिरवली. एका सांध्यापाशी धूर वळला आणि आत शिरला. "घावला," म्हणत तो खुदकन हसला. पंप थांबवून त्याने सांधा नीट आवळला. पुन्हा बटण दाबताच वर टाकीत पाणी कोसळू लागले.

उरलेली उदबत्ती त्याने पंपाजवळच्या विटांच्या फटीत खोचली. "लावलीच हाय, तर ह्याचीबी पूजा होऊ द्या."

तेव्हापासून देवांबरोबर पंपालाही मी एक उदबत्ती लावते. हात जोडते, आणि पंप चालू करून त्या सांध्यापाशी धूर सरळ वर जातो ना, तेही बघते.