तारामतीबाईंचा बातमीफळा

उंबरवाडी मुखेडपासून अकरा किलोमीटर. जिल्हा परिषदेची शाळा, पाच वर्ग, तीन शिक्षक. दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत, तारामतीबाईंकडं. बाईंचं माहेर कंधारचं. डी.एड. नांदेडला झालं, नवऱ्याचं मुखेडात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि एकोणीस वर्षं झाली, बाई लेकरांना वाचायला शिकवून राहिल्या.

पहिली चार वर्षं त्यांनीही सगळ्यांसारखीच काढली. आपण म्हणायचं, लेकरांनी मागून म्हणायचं. एके दिवशी एक पोरगी धडा घडाघडा वाचत होती आणि पुस्तकाचं पान भलतंच उघडं होतं. बाईंनी तिला काही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून कुणी सलग वाचायला लागलं की बाईंना आनंदाच्या आधी संशय यायचा, पोरगं वाचतंय का म्हणतंय?

म्हणून त्यांनी वऱ्हांड्यातली भिंत काळी रंगवून घेतली. रोज एका लेकरानं घरची नाहीतर वावरातली एक बातमी सांगायची. बाई ती भिंतीवर लिहायच्या, लेकराच्या बोलीत, जशीच्या तशी. 'आमची म्हैस व्याली.' 'आजी दात धुऊन ठेवती.' ज्याची बातमी त्यानं बोट ठेवून आधी वाचायची, मग सगळ्या वर्गानं. लेकराचा शब्द बदलायचा नाही, हा बाईंचा नेम.

हेडसर हनुमंतराव म्हणायचे, "बाई, निदान 'न्हाई'चं 'नाही' तरी करत जा. साहेब आले तर काय वाचतील?"

"साहेबांला वाचता येतंय सर. ज्याला येत न्हाई त्याच्यासाठी लिहून राहिले मी."

दुसरीतल्या तनुजाला येत नव्हतं. जानेवारी लागला तरी ती अक्षरांवरच होती. क ओळखायची, म ओळखायची, दोन अक्षरं शेजारी ठेवली की गप्प. डोळे पायाच्या अंगठ्यावर. बातमीची पाळी आली की म्हणायची, "काय न्हाई." बाईंनी एकदा तेच भिंतीवर लिहिलं. तेही तिनं वाचलं नाही.

त्या सोमवारी तिनं आपणहून हात वर केला.

"सांग की गं."

"काल दुपारी संगू काकानं धुऱ्याचा दगड आमच्या वावरात सरकवला."

बाईंनी 'काल दुपारी' लिहिलं आणि खडू थांबला. संगू काका म्हणजे संगमेश्वर अप्पा. तनुजाच्या बापाचा, मलप्पाचा, धाकटा भाऊ आणि शाळेच्या समितीचा अध्यक्ष. दोघांची वाटणी दोन वर्षांखाली झालेली, आणि धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, तेव्हापासून धुसफूस. गावाला सगळं ठाऊक. पण ठाऊक असणं वेगळं आणि वऱ्हांड्यात ठळक अक्षरात लिहिणं वेगळं.

"तू पाहिलं का?"

"हाव. मी बोरीखाली बोरं येचत होते."

"दुसरी एखादी हाय का बातमी?"

"न्हाई. हीच हाय."

सगळा वर्ग खडूकडं बघत होता. आज हिचा शब्द बदलला तर ही पोरगी पुन्हा तोंड उघडायची नाही, हे बाईंना कळत होतं. खिचडीच्या सुट्टीआधी पुसून टाकू, असं मनाशी ठरवून त्यांनी पुढचं लिहिलं.

तनुजानं बोट ठेवलं. "का... ल. काल." बोट सरकत गेलं. 'दगड'पाशी ओठ हलले, मग आवाज फुटला. शेवटापर्यंत गेली आणि विचारायच्या आत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सुट्टी झाली तरी ती भिंतीपासून हलेना. पोरींना धरून धरून आणायची, वाचून दाखवायची. बाईंनी दोनदा डस्टर उचललं आणि दोनदा ठेवलं. पुसवेना.

तेवढ्यात पाणी न्यायला आलेल्या कुणीतरी भिंतीचा फोटो काढला. दीड वाजता तो गावच्या ग्रुपवर होता. दोनला अप्पांची मोटारसायकल शाळेत शिरली. मागं दहा-बारा माणसं फाटकाशी येऊन थांबली.

"बाई, हे काय लिवून ठेवलं?"

"लेकराची बातमी हाय अप्पा. रोज लिहिते."

"रोज म्हशी-रेडकं लिवता. आज माझं नाव लिवलं."

हनुमंतराव डस्टर घेऊन धावलेच. "पुसतो, पुसतो. चुकून झालं. बसा अप्पा, चहा सांगतो."

"पुसायचं न्हाई सर." मलप्पा फाटकातून आत आला. तुरीच्या राशीवरून तसाच उठून आलेला, डोक्यावर भुसकट. "माझ्या पोरीनं डोळ्यानं पाहिलं. तलाठी येईस्तोवर राहू द्या ते."

"पोरीनं पाहिलं का तू पढवलं, अण्णा?"

"मी कामून पढवू? दगड काय पाय फुटून चालत आला का?"

"लेकराच्या आडून कामून बोलतूस मग? मर्दासारखं मला येऊन विचार की."

"विचारलं तर तू आई काढतूस."

"तुझी न् माझी एकच हाय, तिला काढून मी कुठं ठेवू?"

फाटकाशी कुणीतरी हसलं. अप्पा हसले नाहीत. ते बाईंकडं वळले, आवाज अगदी खाली आणून.

"हिला वाचता येत न्हाई, साऱ्या गावाला ठाव हाय. मग हे कुणी लिवलं? बाईनं. बाई गावात भांडणं लावून राहिल्या, असा समितीचा ठराव घेऊ का? मे महिन्यात बदल्या हायत म्हणे."

बाईंना ठरावाची भीती होतीच. ठरावाची भीती होतीच. घर मुखेडात, सासू अंथरुणावर, बदली किनवटकडं झाली तर सगळंच विस्कटायचं. पण त्याहून जास्त त्यांना झोंबलं ते पहिलं वाक्य.

"तिला येतंय अप्पा."

"मग वाचू द्या. वाचलं तर मी उभ्या उभ्या माघारी जातो."

तनुजा खांबाला टेकून होती. बाईंनी बोलावलं तशी आली आणि भिंतीवरची ओळ सरळ म्हणून गेली, एकदाही न अडखळता.

अप्पांनी मान हलवली. "हे पाठ हाय. सकाळपासून हेच घोकून राहिली असंल. पोपट बी म्हणंल."

हाच संशय सकाळपासून बाईंच्या पोटात होता. आपल्याच तोंडचं वाक्य, पाठ असणारच. आणि मग त्यांनी जे केलं ते एरवी दार लावून, एकट्या लेकराला जवळ घेऊन त्या करायच्या. त्यांनी लाकडी पट्टी उचलली आणि ओळीच्या मध्येच एका शब्दावर टेकवली.

"हा कोणता?"

"दगड."

"हा?"

"दुपारी."

"हा?"

तनुजा थांबली. मान वाकडी केली. "आ... म... आमच्या."

पट्टी मागं गेली, पुढं गेली. 'धुऱ्याचा'वर ती अडली. बाईंनी मदत केली नाही. पोरीनं बोट ठेवलं, अक्षर अक्षर चाचपलं आणि सोडवलं. फाटक, माणसं, अप्पा, काही म्हणता काही बाईंना दिसत नव्हतं. सहा महिन्यांची मेहनत डोळ्यांपुढं उघडत होती आणि त्या पट्टी फिरवत राहिल्या.

"आन् हा?"

"काकानं."

"हा शेवटचा?"

"सरकवला."

तो एकटा शब्द वऱ्हांड्यात पडला. तेव्हा बाईंनी पोरीकडं पाहिलं. तनुजा भिंतीकडं बघत नव्हती. ती काकाकडं बघत होती.

अप्पांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "वाचाया आलं गं तुला," एवढंच म्हणाले आणि गाडीला किक मारून निघून गेले. ठरावाचं काय, ते बोलले नाहीत. न बोलल्यानं हनुमंतरावांचा जीव जास्तच वरखाली झाला.

मलप्पा मात्र पुढं सरसावला. "बाई, एका कागदावर हेच लिवून खाली सही द्या. उद्या पोरीला तलाठ्यापुढं नेतो, तिथं बी वाचंल."

"मी वावरात नव्हते भाऊ, मी सही कशी करू? आन् तिला नेऊ नका. सात वर्षांचं लेकरू हाय. मोजणी बोलवा, दगड कुठं होता ते नकाशात निघंल."

"मोजणीला सहा महिने लागतेत."

"लागू द्या. तिला न्यायचं न्हाई."

बाईंनी डस्टर घेतलं आणि ओळ पुसली. मलप्पा पांढऱ्या झालेल्या भिंतीकडं बघत म्हणाला, "पुसायचंच होतं तर लिवलं कशाला?"

बाईंनी डस्टर खिडकीत ठेवलं आणि लेकरांना वर्गात घेतलं.

पाचला शाळा सुटली. बाई स्कुटीला किल्ली लावत होत्या तेव्हा तनुजा मागून आली.

"बाई, काका आता मला गाडीवर बसवणार न्हाई का?"

बसवतील की, असं सहज म्हणता आलं असतं. "माहीत न्हाई गं," बाई म्हणाल्या. मुखेडपर्यंतचा रस्ता त्यांना त्या दिवशी लई लांब वाटला. पोरीला वाचता येतं हे अप्पांना दाखवायचं होतं का स्वतःला, हे त्यांना स्वतःलाच नीट सांगता येईना. त्या पोरीसाठी केलं, असं तर मुळीच म्हणवेना.

मंगळवारी वर्गात तनुजाची जागा रिकामी होती.

"आज कुणाची बातमी?"

हात वर गेला नाही. एकोणीस लेकरं, सगळी खाली मान घालून. शेवटी अंबिका नावाची पोरगी बोलली, "आई म्हणली, बाईला घरचं काय सांगायचं न्हाई."

"माझ्या पप्पानं बी सांगितलं," दुसरं म्हणालं. मग चार-पाच जणांनी माना हलवल्या.

बाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःचीच बातमी लिहिली आणि लेकरांना वाचायला न लावता बाजूला झाल्या. अकरा वाजून गेले होते. वऱ्हांड्याच्या पायरीवर तनुजा येऊन थांबली, दप्तर एका खांद्यावर. तलाठ्याकडं गेली होती का, हे बाईंना विचारायचं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. पोरगी भिंतीकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"काल मी... तनुजाला... सगळ्यांपुढं... वाचायला लावलं. चुकलं माझं."

हे वाक्य तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. बाईंना हातातली पट्टी उचलावीशी वाटली. त्यांनी ती टेबलावर ठेवून दिली.

तनुजा जवळ आली. "बाई, आई म्हणली, पोरीला कुटं न्यायचं न्हाई. बाबाला लई बोलली. मग बाबा एकटेच तलाठ्याकडं गेले." मग थोडं थांबून, "माझी आजून एक बातमी हाय. पन भिंतीवर नको."

"मग कुटं लिहू?"

"तुम्ही नको. मी."

बाईंनी तिला पेन्सिल दिली. तनुजा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली, वही मांडीवर घेतली आणि कुणाला दिसू नये म्हणून वरून कोपर आडवं धरलं. अर्ध्या ओळीला तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं. बाई तिसरीकडं वळल्या आणि पाढे घ्यायला लागल्या. मान मागं वळायला लागली की त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा व्हायचा.