दुसऱ्या रडारवरची ब्राह्मी

आमचं मालक घरात बोलत्यात म्हंजी 'हं', 'वाढ' आन् 'बास'. भिंतीसंगं संसार केल्यागत वाटतंय बगा. रजेवर पाटणला आलं की गप उसाला पाणी पाजायचं, गप जेवायचं, गप परत जायचं.

नोकरी कोकणात, समुद्राच्या काठाला, रडारवर. येणारी-जाणारी जहाजं पडद्यावर बघत बसायची. एका रडारला सगळा समुद्र दिसत न्हाई, म्हून काठाकाठानं लय रडारं हाईत. ह्यांच्या हद्दीतनं जहाज सरकलं की फुडच्या रडारवालीच्या हवाली करायचं. मधी तेच जहाज दोघांनाबी दिसतं, तवा फोनवर बोलून जुळवायचं, न्हाईतर एकाची दोन व्हत्यात. ती फुडची रडारवाली म्हंजी ब्राह्मी. मिरजंची.

तिचं नाव मी पयल्यांदा कवा ऐकलं? ह्ये दुपारचं झोपलं हुतं तवा! "ब्राह्मी, आलं का तुझ्याकडं?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझं नाव झोपंत सोडा, जागेपणीबी कवा घेतलं न्हाई ह्या माणसानं.

परवा ह्ये मळ्यात, फोन घरात, आन् वाजला. वर नाव ब्राह्मीचंच! म्हनलं, गावली बया. आज हिची चांगली खरडपट्टी काढते.

"संयोगितावहिनी ना?" तीच आधी म्हनली. "ऋषिराजदादा किती बोलतात तुमच्याबद्दल! तुमचा राग, तुमची आमटी..."

दादा म्हनली तवा माझा निम्मा राग उतरला.

मग हळूच म्हनली, "तुमचं बाळ पोटातच गेलं ना वहिनी, त्यानंतर दादा एक जहाज माझ्याकडे द्यायलाच विसरले. कधी नाही ते. फोनवर हमसून रडले. म्हणाले, मुलगी झाली असती तर नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं."

दवाखान्यात माझ्यासमोर ह्यांनी डोळ्यातनं टिपूस काढलं न्हवतं. चोरून हसली-खिदळली असती दोघं, तर भांडून मोकळी झाले असते. पर माझ्या लेकराचं रडू हिच्यापाशी? नाव हिला सांगून ठिवलंय, आन् आयेला पत्ता न्हाई? असली जळले मी, असली जळले! कुठलं नाव, ह्ये अगदी ओठावर आलं हुतं. मेले असते, पर तिला इचारलं नसतं.

फोन आपटला आन् तशीच मळ्यात ग्येले. ह्ये पाटाचं पाणी वळवत हुतं.

"पोरीचं नाव काय ठरवलं हुतं?"

खोरं हातातच ऱ्हायलं. "तुला कुणी..."

"कुणी ते सोडा. माजं मला द्या."

ह्ये चिखलातच खाली बसलं. मीबी समोर फतकल मारली. म्हनलं, पाणी जाऊ द्या कुटं जायचं ते, नाव ऐकल्याबिगर मी आज उठत न्हाई.